मावशीबाईंची संस्थानं

बऱ्हाणपूरच्या आमच्या घराची पूर्वेकडची खिडकी एका साली सगळा पावसाळा लागली नाही. बाहेरून दुधीचा वेल चढला होता. त्याचं एक फूल गजांतून आत आलं, त्याला फळ धरलं, आणि मी चार दिवस नागपूरला माहेरी जाऊन येईपर्यंत ते इतकं फुगलं की आत ओढता येईना आणि बाहेरही ढकलता येईना. पाऊस थेट अंथरुणावर यायचा. मी म्हटलं, कापून टाकू. मावशीबाई म्हणाल्या, "कोवळा आहे, रहू दे थोडा." पुढे तो जून झाला. मग म्हणाल्या, "आता बियाण्यालाच राहील." पाहुणे विचारायचे, खिडकी का लावत नाही? त्यावर मावशीबाई इतकंच सांगत, "दुधी आहे," जणू घरात कुणी बाळंतीण आहे.

तुम्ही मुलं उन्हाळ्यात आलात तेव्हा माझी चेष्टा करत होतात. आजी चपलासुद्धा ओळीत लावते, पुस्तकं उंचीप्रमाणे ठेवते, मग चादरींच्या कपाटाचं दार तेवढं नेहमी अर्धं उघडं का? तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. त्या दाराची हकिकत सांगायची तर मावशीबाईंपासून सुरुवात करावी लागते, आणि मावशीबाई फोनवर मावणाऱ्या नाहीत. म्हणून लिहिते आहे.

त्या तुमच्या आजोबांच्या मावशी. त्यांचे यजमान देवासला दरबारात नोकरीला होते, ते लवकर गेले. पुढे त्यांची बहीण, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या. तेव्हा आजोबा शाळेत जात होते आणि त्यांची धाकटी बहीण कुसुम रांगत होती. मावशीबाई महिनाभरासाठी म्हणून एक ट्रंक घेऊन आल्या आणि त्यांनी दोघांना मोठं केलं. ती ट्रंक त्यांनी शेवटपर्यंत पूर्ण रिकामी केली नाही. कुणी विचारलं की म्हणायच्या, "मी काय, आज आहे इथं. मुलांचं मार्गी लागलं की चालली जाईन."

मी लग्न होऊन आले ती मिशनच्या शाळेत शिकून. आमच्या मडमबाईंनी आम्हांला घर कसं ठेवावं हे फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातले सगळे डबे घासले, पुसले, सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या आणि फळीवर लावले. महिन्याभरानं रव्याच्या डब्यात खिळे होते, साखरेच्या डब्यात गवारीचं बी होतं, आणि साखर मला कितीतरी दिवस सापडली नाही. मी तक्रार केली तेव्हा मावशीबाई जराही ओशाळल्या नाहीत. "वर काय लिहिलंय ते तुला मालूम, आत काय आहे ते मला मालूम. दोघी मिळून घर चालवू, फिकर काय?"

त्यांचं घर चालवणं म्हणजे बाग आत आणि घर बाहेर. भोपळे न्हाणीघराच्या छपरावर, पुस्तकांची पेटी केळीच्या सावलीत, कारण तिच्यावर बसून त्यांना भाजी निवडायला आवडे. फुटकी घागर, गळकी बादली, आजोबांचा जुना बूट, ज्यात माती राहील त्यात काहीतरी उगवलेलं. त्या बुटात ओवा होता. त्याची भजी मी प्रथम नको म्हटलं आणि नंतर दोनदा मागून घेतली.

आणि कोंबड्या होत्या.

आमच्या घरात अंडं कुणी खात नव्हतं, कोंबडी तर दूरच. पण कुणा एका इंजिनिअरची बदली झाली, त्याच्या बायकोनं जाताना सहा कोंबड्या आणि एक कोंबडा मावशीबाईंकडे ठेवला, सामान लागलं की नेते म्हणाली, आणि पुन्हा दिसली नाही. लोक नावं ठेवू लागले. पूजेला येणारे गुरुजी तर अंगणाच्या दारातच थांबले आणि म्हणाले, या घरात पाय कसा ठेवू? मावशीबाईंनी त्यांना सांगितलं की कोंबड्या आल्यापासून घरात एकही विंचू निघालेला नाही, तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? गुरुजींना त्याच आठवड्यात विंचू चावलेला होता. ते आत आले, फक्त पाय वर घेऊन बसले.

अंडी रोज संध्याकाळी एका परडीतून भिंतीपलीकडच्या विणकराच्या घरी जात आणि परडी लिंबं घेऊन परत येई. मी कधी म्हटलं की या कोंबड्याही त्यांनाच देऊन टाकू, तर मावशीबाई दचकत. "दुसऱ्याची ठेव आहे ती. उद्या दारात येऊन मागितली तर काय सांगू?"

त्या ठेवीची त्यांनी नावं मात्र स्वतः ठेवली होती. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, धार, अशी. तेव्हा ही सगळी संस्थानं होती, प्रत्येकाचा राजा वेगळा. उरलेल्या दोघी देवासच्या. आता हे तुम्हांला समजावून सांगायला हवं. देवास गाव एकच, पण त्याला राजे दोन. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. एकाच गावात दोन दरबार, दोन कचेऱ्या, रस्त्याच्या या बाजूला एकाचा अंमल, त्या बाजूला दुसऱ्याचा. म्हणून या दोन कोंबड्याही थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरली पांढरी, मानेवर तपकिरी पिसं, चालताना पाय उचलून थांबायची, कुणी पाहतंय का म्हणून. धाकटी ठेंगणी, काळी, कामसू. अंगणातून न्हाणीच्या पाण्याची नाली जायची. थोरली नालीच्या अलीकडे, धाकटी पलीकडे. एकीचा पाय हद्दीत पडला की दुसरी धावून जायची.

कोंबड्याचं नाव होतं रेसिडेंट. इंग्रजांचा जो साहेब राजांवर नजर ठेवायला असे, त्याला रेसिडेंट म्हणत. हा काही न करता दिवसभर ओरडत फिरे. स्वातंत्र्य मिळालं आणि महिन्याभरात त्याला बोक्यानं नेलं. मावशीबाईंनी सगळी पिसं गोळा करून केळीच्या बुंध्याशी पुरली आणि म्हणाल्या, "जायचंच होतं. थोडा उशिरा गेला."

पुढे संस्थानांचं विलीनीकरण सुरू झालं. आजोबा शाळेत शिकवून घरी आल्यावर मोठ्यानं पेपर वाचत आणि मावशीबाई लसूण सोलत ऐकत. तोवर प्रत्येक कोंबडीची टोपली वेगळी होती. आसपासची संस्थानं मिळून मध्य भारत हे एकच राज्य झाल्याची बातमी आली त्या दिवशी त्यांनी आजोबांना चहासुद्धा पिऊ दिला नाही. जुन्या फळ्या ठोकून एक मोठं खुराडं करायला लावलं आणि संध्याकाळी इंदूर, ग्वाल्हेर, धार आणि देवासच्या दोघी, सगळ्यांना एकत्र आत घातलं. बडोदा तेवढी आपल्या टोपलीत राहिली. मी विचारलं, हिनं काय केलंय? म्हणाल्या, "तिची बोलणी चालू आहेत."

मला वाटलं, रात्रभर आत मारामारी होणार. सकाळी पाहिलं तर बाकीच्या इकडेतिकडे, आणि थोरली व धाकटी पाठीला पाठ लावून झोपलेल्या. उजाडलं, दार उघडलं, की दोघी नालीच्या दोन बाजूंना.

माझं भांडण थोरलीशी होतं. तिला खुराड्यात अंडं घालणं कमीपणाचं वाटे. तिला माझं चादरींचं कपाट लागे. धुतलेल्या, घडी केलेल्या, कापूर ठेवलेल्या चादरी, त्यावर ही येऊन बसे. मी दार लावून घेई. मावशीबाई काहीतरी काढायला उघडत आणि तसंच ठेवत. मी लावायचं, त्यांनी उघडायचं, असा आमचा संसार चालला होता.

या सगळ्यात कुसुमचं लग्न अडलं होतं. मुलगी शिकलेली, गुणाची, हसतमुख. भुसावळचं एक स्थळ आलं, पत्रिका जुळली, सगळं ठरल्यासारखं होतं. मुलाची आई झोपाळ्यावर बसली आणि गादीवर अंडं होतं. त्यांनी नंतर कळवलं की पत्रिका जुळत नाही. त्यानंतरचे पाहुणे अंगणातूनच परतले. कुसुम दोन्ही वेळा फार हसली होती. पण तिसरं स्थळ आलं तेव्हा ती हसली नाही. खंडव्याला एका लग्नात पंक्तीत वाढणाऱ्या एका मुलानं तिला जिलबी दोनदा वाढली होती, आणि तिनं एकदाच मागितली होती. त्याच मुलाच्या घरून विचारणा आली. मुलगा इंदूरला मास्तर, वडील देवासच्या धाकट्या पातीच्या दरबारात आयुष्यभर मोठ्या हुद्द्यावर. कुसुम माझ्याजवळ येऊन, पदराशी खेळत, एवढंच म्हणाली, "वहिनी, या वेळी कोंबड्या नकोत हं."

मी कंबर कसली. ओसरीवर खुर्च्या मांडल्या, गजांतल्या दुधीवर भरतकामाचा पडदा टाकला. कुठल्या कोपऱ्यात कोण बसणार, पोहे केव्हा, चहा केव्हा, सगळं ठरवलं. कोंबड्या सकाळीच न्हाणीघरात कोंडल्या आणि दाराला दगड लावला. मावशीबाईंना सांगितलं की तुम्ही आत माजघरात बसायचं आणि काही झालं तरी बोलायचं नाही. त्या इतक्या निमूटपणे हो म्हणाल्या की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. जाता जाता तेवढं विचारलं, "कोण, धाकट्या पातीचे का?" आणि आत जाऊन बसल्या.

पाहुणे आले. वडील उंच, ताठ, डोक्यावर दरबारी पगडी. दरबार उठून गेला होता, त्यांच्या कचेरीत आता दुसरंच कुणी बसत होतं, पण पगडी तशीच होती. बोलणं अगदी कमी. मुलगा त्यांच्या मागे, नवा कोट घालून, घाम पुसत. मी पाहिलं, म्हातारबुवांची नजर घरावरून फिरत होती आणि बुटातल्या ओव्यावर थांबली होती.

आता आपल्याकडची रीत अशी की प्रवासातून आलेल्या पाहुण्याला आधी हातपाय धुवायला पाणी द्यायचं. मी ओसरीच्या कडेला घंगाळ, तांब्या आणि पंचा मांडून ठेवलाच होता. पण तुमच्या आजोबांना ते पाहुण्यांच्या मानाला कमी वाटलं असावं. मी पोहे परतत होते तेवढ्यात "या, इकडे न्हाणीघरात या" म्हणून ते त्यांना घेऊन गेले, आणि स्वतःच्या हातानं दगड बाजूला केला.

सकाळपासून अंधारात कोंडलेल्या त्या. सगळ्या एकदम बाहेर पडल्या. इंदूर पाहुण्यांच्या दोन पायांमधून गेली. धार मुलाच्या छातीवर आपटली. मी झारा हातात घेऊन धावले, कुसुम माजघराच्या दारात पांढरीफटक उभी, आणि तिच्या मागून मावशीबाईंचा आवाज आला, खणखणीत.

"थोरली पाती, नखरे नको, मागं हो. धाकटी, तू शहाणी ना, चल इकडे."

म्हातारबुवा एक पाय नालीत पडून ओला, एक कोरडा, तसेच उभे. त्यांनी नावं ऐकली होती आणि त्यांना ती नीट समजली होती. ज्या दरबारात जन्म घालवला त्याचं नाव एका कोंबडीला दिलेलं. मला वाटलं, आता हे पगडी सावरतील आणि संध्याकाळच्या गाडीनं जातील. कुसुमनं डोळे मिटून घेतले होते.

"थोरली कोणती?" त्यांनी विचारलं.

मावशीबाई बाहेर आल्या. पदर डोक्यावरून पुढे ओढून, पण नजर सरळ. "ती पांढरी. तोरा फार, अंडी कमी."

"आणि धाकटी?"

"ती काळी. रोज घालते. सांगावं लागत नाही."

म्हातारबुवांनी हळूच मान हलवली, जशी एखाद्या अनुभवी माणसानं दुसऱ्याच्या अनुभवाला हलवावी. "आपण देवासच्या?"

"होय. हे थोरल्या पातीत होते."

"थोरल्या पातीत? आणि थोरलीलाच नावं ठेवता?"

"माझ्या सासरची आहे," मावशीबाई म्हणाल्या, "मी नाही ठेवणार तर कोण ठेवणार?"

आधी त्यांच्या मिशा हलल्या. मग खांदे. मग ते इतके हसले की पगडी तिरकी झाली आणि मुलगा घाबरून पुढे आला, कारण त्यानं वडिलांना असं हसताना वर्षभरात पाहिलं नव्हतं. मी मांडलेल्या खुर्च्यांकडे कुणी पाहिलंही नाही. म्हातारबुवा ओसरीच्या पायरीवर बसले आणि मावशीबाई आतल्या उंबऱ्यावर. नालीची हद्द समजावून दिली गेली. ती देवासच्या रस्त्यासारखीच कशी आहे यावर दोघांचं एकमत झालं. मग कुठल्या बाजूचा दसरा मोठा यावरून वाद झाला. पुन्हा आपल्या टोपलीत जाऊन बसलेल्या बडोद्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, ही एकटी का? मावशीबाईंनी बोलणी चालू असल्याचं सांगितलं. ते गंभीर होऊन म्हणाले, "हां. वेळ लागतो."

कुसुम पोहे घेऊन आली. मी तिला कितीतरी प्रश्नांची उत्तरं घोकून घेतली होती. स्वयंपाक येतो का, विणकाम येतं का, गाणं येतं का. म्हातारबुवांनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तू कुठल्या बाजूची, बेटा?"

कुसुमनं क्षणभर मावशीबाईंकडे पाहिलं. "मी दाणे टाकते," ती म्हणाली. "दोन्हीकडे सारखे."

त्यांनी ताटली हातात घेतली. "आमच्याकडे हे कुणाला जमलं नाही," म्हणाले, आणि पोहे खाऊ लागले. कुसुमनं पुढे होऊन मुलाच्या कोटावरचं पीस काढलं. त्याला ते दिसलं, मला दिसलं, आणि म्हातारबुवांनी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

लग्न आमच्याच अंगणात झालं. भोपळ्याचा वेल मांडवावर चढवून मावशीबाईंनी पानांची सावली केली. देण्याघेण्याची बोलणी निघाली तेव्हा म्हातारबुवा म्हणाले, मला काही नको, एकच मागणं आहे. धाकटी पाती द्या.

मावशीबाईंचा चेहरा उतरला. मुलगी द्यायला तयार झालेल्या बाई कोंबडी म्हटल्यावर अडल्या. "ठेव आहे ती माझ्याकडे. कशी देऊ?" आजोबांनी डोळे वटारले, मी पदर ओढला. कुसुम हळद लागलेल्या हातांनी तशीच बसून राहिली.

मावशीबाई उठून आत गेल्या. माजघरात त्यांची ट्रंक उघडल्याचा आवाज आला, मग लावल्याचा. मला वाटलं, मुलांचं मार्गी लागलं, आता या चालल्या. मागच्या दारानं फिरून मांडवात आल्या त्या दोन हातांत दोन कोंबड्या घेऊन. "एकटी नाही जाणार," म्हणाल्या. "दिवसा भांडतात, पण रात्री पाठीला पाठ लागली नाही तर दोघीही अंडं घालत नाहीत. न्यायच्या तर दोघी न्या. आणि ठेव म्हणूनच न्या. मी मागेन तेव्हा दारात आणून दाखवायच्या, धडधाकट." हे बोलताना त्या कोंबड्यांकडे पाहत नव्हत्या, कुसुमकडे पाहत होत्या.

म्हातारबुवांनी थोरल्या पातीकडे पाहिलं. जन्मभर ज्या दरबाराशी मानापमानाची भांडणं केली, तो आता त्यांच्या घरी राहायला यायचा होता. त्यांनी थोडा विचार केला. मग दोन्ही हात पुढे केले.

आम्ही त्यांना स्टेशनवर पोहोचवायला गेलो. खंडव्याच्या गाडीत डब्याच्या दारात म्हातारबुवा उभे, पगडी घालून, छातीशी झाकणाची टोपली धरून. मागे कुसुम, रडून डोळे सुजलेले. गाडी हलली तसं झाकण उचललं गेलं आणि थोरल्या पातीनं डोकं बाहेर काढून फलाटावरच्या लोकांकडे एकवार पाहिलं. म्हातारबुवांनी ते दोन बोटांनी आत दाबलं आणि म्हणाले, "थांबा जरा. आधी धाकटी." कुसुम रडता रडता हसायला लागली. गाडी चांदणी स्टेशनच्या दिशेनं दिसेनाशी झाली तेव्हा आम्हां सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तिचा तोच चेहरा होता.

घरी आलो. मावशीबाई अंगणात गेल्या आणि सवयीनं नालीच्या दोन्ही बाजूंना दाणे टाकून आल्या. मी चादरी काढायला कपाट उघडलं. गडबडीत दार लावायचं राहिलं होतं. मधल्या घडीत, कापराच्या वड्यांशेजारी, एक अंडं होतं. सकाळी, निघायच्या आधी, थोरली येऊन गेली होती.

मी ते मावशीबाईंना नेऊन दिलं. त्यांनी ते हातात फिरवलं. परडीत ठेवलं नाही, बराच वेळ तसंच धरून बसल्या. मग म्हणाल्या, "गरम नाही आता." आणि मग, "तू आता ते दार लावून घेशील."

रात्री झोपायच्या आधी सगळी दारं पाहिली, कड्या लावल्या, आणि कपाटापाशी आल्यावर ते दार अर्धं उघडं ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन पाहते तर चादरींवर बडोदा बसलेली. बोलणी संपली असावीत. मी तिला हाकललं नाही. वरची चादर मात्र लग्नातल्या आहेरातली होती, म्हणून तिला एका हातानं जरा उचललं, ती काढून घेतली आणि तिच्याखाली जुनी सारली.